लेन्स सोळाची घ्यावी की चोवीसची?

लग्नसराई तोंडावर आली की सडक अर्जुनी तालुक्यातील होतकरू तरुण आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. फोटोचा धंदा सुरू करायचा आहे, कॅनॉनचा मिररलेस कॅमेरा घेतला आहे. आता रुंद कोनाची लेन्स १६ मिलिमीटरची घ्यावी की २४ ची? पैसा बहुधा आईच्या बचत गटातून कर्जाऊ काढलेला असतो. दोन्ही घेणे परवडत नाही. तेव्हा हिशेब नीट मांडलाच पाहिजे.

या दोन्ही लेन्सना झूम नाही. चित्रात जास्त माणसे घ्यायची तर आपणच मागे सरकायचे. पण आपल्या वस्तीतील मंगल परिणयात मागे सरकायला जागा कुठे असते? विहाराचे लहानसे सभागृह, नाहीतर घरापुढचा मांडव, आणि पाठीला लगेच भिंत. म्हणून रुंद लेन्स लागते.

१६ ची लेन्स २०२१ साली आली, २४ ची २०२२ साली. पहिलीचे वजन १६५ ग्रॅम, दुसरीचे २७०. बाजारात आल्या तेव्हा अमेरिकेत पहिलीची किंमत २९९ डॉलर होती, दुसरीची ५९९. म्हणजे दुप्पट! त्या जास्तीच्या पैशात काय मिळते? १६ ची लेन्स एफ २.८ पर्यंत उघडते, २४ ची एफ १.८ पर्यंत. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. २४ ची लेन्स जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. शिवाय हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय तिच्यात आहे, १६ मध्ये नाही. मात्र वरातीत नाचणारी माणसे त्या सोयीने स्थिर होत नाहीत. तिथे उजेडच कामी येतो.

आता रुंदी पाहू. आर-८, आर-६ अशा मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुलफ्रेम कॅमेऱ्यावर १० फुटांवरून १६ ची लेन्स सुमारे साडेबावीस फूट लांबीची रांग घेते, २४ ची १५ फूट. वाटते, १६ चीच बरी. पण मेख इथेच आहे. रुंद लेन्स मधल्या चेहऱ्याला धक्का लावत नाही, कडेचा चेहरा ताणते. गणिताने पाहिले तर अगदी कडेचा चेहरा १६ वर दीडपट रुंद होतो, २४ वर सव्वापट.

आणि कडेला कोण उभे असते? नवरानवरी मध्यभागी, पाहुणे व पुढारी त्यांच्या शेजारी. कडेला असते ती स्वयंपाक आटोपून पदर सावरत आलेली आत्या, सर्वांनी आग्रहाने ओढून आणलेली आजी. पुष्कळ घरांत त्या माऊलीचा तेवढाच एक फोटो असतो. उद्या हार घालून भिंतीवर लावायचा तोही तोच. तो चेहरा ओळखू आला नाही, तर फोटोवाल्याने काय कमावले?

आर-५०, आर-१० यांचा सेन्सर लहान आहे. त्यावर चित्राच्या कडा कापल्या जातात. १६ ची लेन्स १० फुटांवरून सुमारे १४ फूट घेते आणि कडेचा ताण सव्वापटीच्या आसपास राहतो. २४ ची मात्र जेमतेम ९ फूट घेते; लहान खोलीत ती अपुरी पडते.

म्हणून आमचे सांगणे असे. कॅमेरा लहान सेन्सरचा असेल तर १६ ची घ्या; पैसा वाचेल, तो दिव्यावर खर्च करा. फुलफ्रेम असेल तर थोडे थांबा, पैसे जमवा आणि २४ ची घ्या. गोंदिया-नागपूरच्या दुकानात जाताना आपला कॅमेरा सोबत न्या, चार जणांना रांगेत उभे करा आणि कडेच्या माणसाचा चेहरा पाहूनच पैसे मोजा.

लेन्स कोणतीही असो, लांब रांगेऐवजी दोन रांगा करा. चित्राच्या दोन्ही कडांना हातभर जागा मोकळी सोडा. आणि आजीला मध्यभागी बसवा. त्याला एक पैसाही लागत नाही.