कमी धावलेल्या गाडीची ब्रेक नळी

व्यापारी घरातील मोटारसायकल फारशी धावत नाही. घर ते दुकान, दुकान ते बाजार समिती, क्वचित उधारीच्या वसुलीसाठी शेजारच्या गावापर्यंत, एवढीच तिची फेरी. मीटरवरचा आकडा लहान राहतो आणि म्हणून गाडी अजून नवीच आहे असे घरात धरले जाते. इंजिनाच्या बाबतीत हे गृहीत बऱ्याच अंशी चालून जाते. ब्रेकच्या रबरी नळीला मात्र ते लागू पडत नाही, कारण रबर उभ्या गाडीवरही जुने होते. दुकानातल्या मालाची मुदत तारखेवर चालते. ही नळीही त्याच जातीची. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी आणि नळी साधारण चार वर्षांनी बदलावी असे सांगितलेले असते, मग गाडी कितीही कमी धावलेली असो.

बुलढाण्यात या गोष्टीला वेगळे वजन आहे. शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, आणि रेल्वे खाली मलकापूरला. मुंबईची गाडी गाठायची तर राजूर घाट उतरावाच लागतो. खामगावची वाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते, तीही डोंगर उतरतच. सपाट रस्त्यावर ब्रेकचा मुलगा थोडा आळशी झाला तरी खपते. घाटात, मागे माणूस बसलेले असताना, खपत नाही.

डिस्क ब्रेकचे मर्म सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याने सांगितलेल्या नियमात आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. बोटांनी दाबलेली मूठ त्या द्रवामार्फत चाकाजवळच्या कॅलिपरला कळते. नळी फुगली तर दाबाचा काही भाग तिच्या फुगण्यातच जिरतो. द्रवात हवा शिरली तर हवाच दबते आणि चाकाला काही कळत नाही. शिवाय हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की उष्णता वाढते, ऑइलमध्ये वाफ होते आणि मूठ एकाएकी हँडलला टेकते.

नळीवर बारीक भेगा, फुगवटा, सांध्याशी ओलसर डाग किंवा मुठीचा मऊपणा दिसला की नवी नळी बसवावी. काम घरी होण्याजोगे आहे, पण गाडीला एबीएस असेल तर ते गॅरेजलाच सोपवावे. काही गाड्यांत त्यातील हवा काढण्यास वेगळे यंत्र लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे आधी आपली गाडी कोणती ते पाहावे. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर तिथे ऑइलची नळीच नसते, वायर असते.

सुरुवातीला टाकीवर जाड कापड पसरावे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवावे. जुनी नळी कशी वळली आहे याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, मग जुने ऑइल काढून दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट सोडवावेत. प्रत्येक बोल्टला दोन तांब्याचे वॉशर असतात. एकदा दाबले गेलेले वॉशर पुन्हा घट्ट बसत नाहीत. किंमत अगदीच किरकोळ, तरी जुनेच परत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. नवी नळी पिळली जाऊ नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि पुढचा भाग दाबून ती कुठे ताणली जात नाही ना, हे पाहावे.

खरे काम यानंतरचे. वरच्या भांड्यात पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल भरावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते डॉट ३ वा ४ मध्ये मिसळू नये. मूठ दाबून धरावी, कॅलिपरचे निप्पल थोडे सैल करावे, बुडबुडे बाहेर पडू द्यावेत, निप्पल बंद करावे आणि मगच मूठ सोडावी. हा क्रम उलटला तर हवा परत आत जाते. भांडे मध्येच रिकामे झाले तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. यास अर्धा तास लागो वा दोन, मूठ दगडासारखी टणक होईपर्यंत थांबू नये. इतके करूनही ती मऊच राहिली तर गाडी चालवत नव्हे, टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी.

मूठ मिनिटभर जोराने दाबून दोन्ही सांध्यांना कोरा कागद टेकवावा. डाग दिसता कामा नये. मग अंगणात गाडी ढकलून ब्रेक लावून पाहावा, नंतर गल्लीत अगदी हळू चालवून. घाट त्याच दिवशी उतरू नये.

अर्धी उरलेली ऑइलची बाटली पुढच्या खेपेसाठी जपून ठेवण्याची काटकसर मात्र इथे उपयोगाची नाही. झाकण एकदा उघडले की तिच्यातही ओलावा जाऊ लागतो. जुने व उरलेले ऑइल गटारात वा मातीत न ओतता बंद बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे आणि नळी बदलल्याची तारीख गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावी.