दहा वादकांचें एकत्र कुटुंब

गेल्या महिन्यांत एका रविवारीं दुपारीं आमच्या माजघरांत लहानसें रण माजलें. कारण राजकारणाचें नव्हतें, इस्टेटीचें तर मुळींच नव्हतें. तें होतें मुलतानी रागाचें. माझ्या पुतण्यानें कुठूनशी मिळविलेली एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. तंबोरा झंकारला, तबल्यावर थाप पडली, सतारीनें दोन वळसे घेतले, आणि पाठोपाठ सॅक्सोफोन नांवाचें तें बांकदार पितळी वाद्य बोलूं लागलें. आमचे वडील बंधू अण्णा वर्तमानपत्र खालीं ठेवून म्हणाले, "हें काय चाललें आहे?"

"अण्णा, मुलतानी आहे हा," पुतण्या म्हणाला.

"हा जर मुलतानी, तर आपल्या मोरीला गंगा म्हणायला हरकत नाहीं!"

विनोदावर भागलें असतें तर हा मजकूर लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु आमचा पुतण्या गेलीं अकरा वर्षें एका गुरुजींपाशीं तबल्याची तालीम घेत आहे, आणि जाझ वाजविणाऱ्या एका मंडळींतून त्याला बोलावणें आलें आहे. ध्वनिमुद्रिका ही केवळ नांदी होती. खरा प्रश्न असा कीं, गुरुगृहीं मिळालेली विद्या परक्या पंगतींत न्यावी कीं नाहीं? निवाडा करण्यापूर्वीं त्या ध्वनिमुद्रिकेची कुळकथा वाचकांस सांगणें मला इष्ट वाटतें.

कलकत्त्यास जन्मलेले जॉन मेयर हे या कथेचे पहिले नायक. वडील अँग्लो-इंडियन, आई तामीळ. व्हायोलिन शिकण्यासाठीं ते मुंबईस मेहली मेहतांकडेही राहिले, आणि शिष्यवृत्ति मिळवून लंडनच्या रॉयल अकॅडमींत दाखल झाले. पुढें तेथील मोठ्या वाद्यवृंदांतून त्यांनीं वर्षानुवर्षें व्हायोलिन वाजविलें. पण मनांत ओढ रचनेची. त्यांचे रचनाशास्त्राचे गुरु माट्याश सायबर हे हंगेरियन संगीतकार. फ्रँकफुर्टच्या संगीतविद्यालयांत 1928 सालीं जाझचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला, तो यांनींच चालविला. नात्झी सत्तेवर आल्यावर 1933 मध्यें तो बंद पडला. म्हणजे अभिजात आणि जाझ एका पाटावर बसविण्याची चाल मेयर यांच्या गुरुगृहींच होती.

दुसरे नायक जो हॅरियट. जमेकांतील किंग्स्टन येथें 1928 सालीं जन्मलेला हा मुलगा तेथील अल्फा या अनाथ व गरीब मुलांच्या शाळेंत वाढला, तेथेंच वाद्य शिकला, आणि 1951 सालीं इंग्लंडला आला. 1960 च्या सुमारास त्यानें मोठें धाडस केलें. एकसारखा चालणारा ठेका, आधीं ठरलेली धून, ठराविक क्रमानें फिरणारी स्वरसंगति, हे जाझचे नेहमींचे खांब. प्रत्येक रचनेंत यांपैकीं एक तरी राखावा, आणि मनास वाटल्यास बाकीचे खुशाल सोडून द्यावे, असा त्याचा दंडक होता. जुन्या रसिकांनीं नाकें मुरडलीं, पण तो बधला नाहीं.

या दोघांची गांठ घालून देण्यास एक लहानसें धाडस कारण झालें. लंडनचे ध्वनिमुद्रण-निर्माते डेनिस प्रेस्टन यांना 1964 सालीं एका तबकडीसाठीं छोटी रचना कमी पडत होती. "तुमच्यापाशीं आहे का?" असें त्यांनीं विचारतांच मेयर यांनीं "आहे" म्हणून सांगितलें, आणि घरीं जाऊन रात्रभर बसून ती लिहून काढली! ती ऐकून अमेरिकेंतील अॅटलांटिक कंपनीच्या अहमेत एर्तेगुन यांनीं हिंदी संगीत व जाझ यांची संपूर्ण तबकडी काढण्याची सूचना केली. त्यांतून 1965 सालीं 'इंडो-जाझ सूट' ध्वनिमुद्रित झाली, आणि 1967 व 1968 सालीं 'इंडो-जाझ फ्यूजन्स' या नांवानें आणखी दोन तबकड्या निघाल्या.

पहिल्या तबकडींत एका छपराखालीं दोन चुली होत्या. एका बाजूस हॅरियट यांचे पांच: सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, मोठें बास आणि विलायती ढोल. दुसऱ्या बाजूस मेयर यांचे पांच: व्हायोलिन, बांसरी, सतार, तंबोरा आणि तबला. सतारीवर दिवाण मोतीहार. तबल्यावर कोण? तर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे! आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर, ज्यांचें आडनांव ऐकतांच गोव्याकडील पैंगीण गांव आठवावें. तबकडीच्या वेष्टनावर ठळक नांवें अर्थातच हॅरियट आणि मेयर यांचीं. मात्र दहाही जण ज्या षड्जावर उभे होते तो पैंगणकरांच्या बोटांखालीं होता, हें ऐकणाऱ्यानें विसरूं नये.

आतां अण्णांच्या आक्षेपाकडे वळूं, कारण तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तोडी आणि मुलतानी यांचे स्वर तेच: रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. तरी तोडी सकाळची आणि मुलतानी तिसऱ्या प्रहरानंतरचा. दोघांचें तोंड पाहून कोणी एकास दुसरा म्हणणार नाहीं. मुलतानींत चढतांना रिषभ-धैवत वर्ज्य, पंचमाला मान. तोडींत पंचम जपून लावावयाचा. म्हणजे राग हा स्वरांच्या यादींत नसून त्यांच्या चालण्यांत असतो. जाझच्या वादकाला हातीं स्वरपंक्ति दिली कीं तो तींतून मुक्तपणें हिंडतो. त्याची प्रतिभा खरी, पण मुलतानी वाटेंत हरवूं शकतो. अण्णांच्या कानाला तेंच खटकलें, आणि तें योग्यच होतें.

परंतु नाण्याची दुसरी बाजू पुतण्यानें दाखविली. जाझमध्यें वादक सामान्यतः बदलत्या स्वरसंगतीच्या पायऱ्यांवरून धांवत असतो. येथें तंबोऱ्याचा षड्ज हलत नाहीं; म्हणून पायऱ्या काढून घेतल्या गेल्या, आणि हॅरियटसारख्या वादकाला एकाच भूमीवर उभें राहून आलापासारखा विचार करावा लागला. त्यानें आधींच खांब सोडावयाचा सराव केला होता, म्हणून तो डगमगला नाहीं. "अण्णा, तुम्ही त्याला मुलतानी म्हणूं नका, पण तो काय शोधतो आहे तें तरी ऐका," असें म्हणून त्यानें कोपऱ्यांतल्या पेटीकडे बोट दाखविलें. ही पेटी 1842 सालीं पॅरिसमध्यें पेटंट झालेल्या वाद्याची नात. 1940 सालीं रेडिओनें तिच्यावर बंदी घातली, ती कित्येक वर्षें टिकली; आणि आज पेटीवांचून अण्णांचें एकही नाट्यपद पुरें होत नाहीं! अण्णा गप्प झाले. आमच्या घरीं हा प्रसंग विरळा.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. त्यांची 'अक्का राग' ही धून बी. बी. सी. च्या 'आस्क द फॅमिली' या कौटुंबिक प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाची सुरुवात म्हणून 1967 पासून इंग्रज घराघरांत वाजली. पण कीर्ति आणि भाकरी यांची सोयरीक दरवेळीं जुळतेच असें नाहीं. हॅरियट 1973 च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, हलाखींत वारला. मेयर पुढें बर्मिंगहॅमच्या संगीतविद्यालयांत शिकवूं लागले; तेथें 1995 सालीं त्यांनीं हा वृंद पुन्हा उभा केला, आणि त्यांत त्यांचा मुलगा जॉनाथन सतारीवर बसला. 2004 सालीं मेयरही गेले. केशव साठे यांनीं 1967 सालींच स्वित्झर्लंडच्या ईरेन श्वाइत्सर यांच्या जाझ मंडळीबरोबर, आणि पुढें इंग्लंडच्या जॉन रेनबोर्न यांच्या लोकगीतांच्या वृंदांतही साथ केली. इतक्या पंगतींत बसूनही त्यांचा तबला तबलाच राहिला.

माझ्या मतें निवाडा येथेंच आहे. ज्याचा ठेका पक्का त्यानें कोणत्याही पंगतींत बसावें; ज्याचा कच्चा, त्याचें घरींही धड नाहीं. मात्र दोन पथ्यें पाळावीं. एक, गुरूची अनुज्ञा घेतल्याशिवाय पाऊल उचलूं नये. दुसरें, जें वाजवितों त्याला खरें नांव द्यावें. मिश्रणास मिश्रण म्हणण्यांत कमीपणा नाहीं, पण रागाचें नांव घेऊन राग मोडणें ही फसवणूक होय.

आमच्या मातोश्री हें सारें वाती वळीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मी सासरीं आलें तेव्हां माझ्या माहेरची आमटी कोणाला चालत नव्हती. आतां तुम्ही तिलाच घरची आमटी म्हणतां. पण मी तिच्यांतला गूळ कधीं चुकविला नाहीं हो."

पुतण्या दुसऱ्या दिवशीं गुरुजींकडे गेला. गुरुजींनीं त्याला तासभर नुसता विलंबित एकताल वाजवायला लावला, आणि मग म्हणाले, "जा. पण सकाळचा रियाज माझ्यापुढें." येत्या महिन्यापासून तो जाणार आहे. अण्णांनीं परवानगी दिली असें अद्याप म्हणवत नाहीं, परंतु काल तिसऱ्या प्रहरीं त्यांनींच विचारलें, "ती तुमची मोरीची गंगा कुठें ठेवली आहे? तो तंबोरा कोण तो, त्याला एकदां नीट ऐकावा म्हणतों."