रेघ मारण्यापूर्वी पुसा

नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पुरा खुला झाला. मोटारवाल्यांचा वेळ वाचला, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांच्या शिवारातून तो गेला त्यांच्या ट्रॅक्टरास व दुचाकीस त्यावर मज्जाव आहे. शेत दुभंगले, वहिवाटीची वाट तुटली, समोर दिसणाऱ्या आपल्याच तुकड्यावर जाण्यास वळसा! नाव मात्र समृद्धी.

सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास मोबदला तरी मिळतो. त्याच शेतावर रोजाने राबणारी बाई, वाट्याने कसणारा, फाळ पाजवून देणारा लोहार, यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? 2013 च्या भूसंपादन कायद्याने यांसही बाधित कुटुंब मानले आहे. तीन वर्षे तेथे काम करून त्यावरच पोट असले म्हणजे झाले. कारागीर हा शब्द त्यात स्पष्ट आहे. नुकसानीची आधी चौकशी व जाहीर सुनावणी, हेही आहे. मग अडले कोठे? त्याच कायद्याने राष्ट्रीय महामार्गांस या चौकशीतून मोकळे सोडले, आणि 2018 साली महाराष्ट्राने आपल्या महामार्ग कायद्यासही तीच सूट दिली. शेकडो गावे कापावयाची तेथेच पुसावयाचे नाही!

शक्तिपीठ महामार्गापायी 2024 साली कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांस मोर्चे काढावे लागले, ते यामुळेच.

ही सूट रद्द करा, आखणीचा नकाशा आधी ग्रामसभेपुढे ठेवा, अशी आमची मागणी आहे. तोवर, बंधूंनो, मोजणीदार गावात आला म्हणजे त्यास पहिला प्रश्न हाच करा, की आमच्या लोहाराची नोंद तुमच्या कोणत्या कागदावर आहे?