कुलूप हा साथीवरील उपाय नव्हे

खानदेशात पावसाळा आणि महाविद्यालयांचे नवे वर्ष बरोबरच सुरू होतात. ज्या दिवसांत गढूळ पाणी विहिरींत आणि फुटक्या जलवाहिन्यांत शिरते, त्याच दिवसांत चोपडा, यावल, शिरपूर, अक्कलकुवा अशा दूरच्या तालुक्यांतील मुले-मुली वसतिगृहांत दाटीवाटीने राहावयास येतात. तेव्हा तेथे काविळीची वा विषमज्वराची साथ उद्भवली, तर तिला दैवगती म्हणता येणार नाही. प्रश्न उरतो तो साथ आल्यावर काय करावयाचे हा. बहुतेक संस्थांपाशी त्याचे एकच उत्तर तयार असते: विद्यार्थ्यांना घरी धाडा आणि दाराला कुलूप लावा.

हे उत्तर सोपे आहे, पण बरोबर नाही. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची लक्षणे संसर्गानंतर दोन ते सात आठवड्यांनी दिसतात. म्हणजे ज्या दिवशी पहिल्या विद्यार्थ्याचे डोळे पिवळे होतात, त्या दिवसापर्यंत त्याच टाकीचे पाणी प्यालेल्या अनेकांच्या शरीरात रोग शिरलेला असतो. कांजिण्यांचा वा गोवराचा रोगी तर अंगावर पुरळ उठण्यापूर्वीच इतरांना संसर्ग देऊ लागतो. अशा मुलांना एस.टी.त बसवून गावी पाठविले, की एका आवाराची साथ पन्नास गावांची होते. आवारात निदान डॉक्टर बोलाविता येतो. सातपुड्यातील पाड्यावर तोही दुर्लभ.

कोविडच्या काळातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. फेब्रुवारी २०२१मध्ये वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात देगाव येथील निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित आढळले. त्यांतील बरेच अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धारवाडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम ६६ जण बाधित निघाले. सर्वांची तपासणी होताच हा आकडा काही दिवसांत अडीचशेच्या वर गेला. तेथे वसतिगृहे बंद झाली, पण विद्यार्थ्यांना आत ठेवून. उपचारही तेथेच झाले. कुलूप दोन्ही प्रकारांत असते. एक कुलूप विद्यार्थ्याला बाहेर ढकलते, दुसरे त्याची जबाबदारी आत घेते. हा भेद लहान नव्हे.

नव्या, अज्ञात रोगापुढे मार्च २०२०मध्ये सारे बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु राज्यातील महाविद्यालयांचे वर्ग पुन्हा उघडले ते २० ऑक्टोबर २०२१ रोजी. या दीड वर्षाचे मोल कोणी दिले? १९९० साली जळगाव, धुळे व आजच्या नंदुरबार या भागांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, ते उच्च शिक्षण येथील मुलांच्या दाराशी यावे म्हणून. बांभोरीजवळ गिरणाकाठी उभ्या असलेल्या त्या विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा ज्याच्या घरी संगणक होता त्याचा अभ्यास कसाबसा चालला; ज्याच्या पाड्यावर मोबाइलला रेंजच नव्हती, त्याचा थांबला.

मग करावयाचे काय? आरंभ पाण्यापासून व्हावा. धरणगावकरांनी नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याची वर्षे पाहिली आहेत. जेथे पाणी उशिरा येते तेथे ते साठविले जाते, आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून वसतिगृहातील प्रत्येक टाकी व पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासणे आणि कोरडे ठेवणे, हा पहिला नियम. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनची रोज तपासणी, हा दुसरा. खानावळीतील स्वयंपाक्यांची व वाढप्यांची वेळोवेळी आरोग्यतपासणी, हा तिसरा.

याहून स्वस्त आणि याहून दुर्लक्षित साधन म्हणजे एक साधी वही. कोणत्या खोलीत कोणाला ताप आला, कोणाला जुलाब झाले, याची नोंद रोज झाली, तर एकाच मजल्यावरचे तीन रोगी तिसऱ्या दिवशीच ध्यानात येतात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना वेळीच कळविता येते. मात्र ही वही खरी राहावयाची, तर विद्यार्थ्याला आजार सांगण्याची भीती वाटता कामा नये. हजेरी कमी भरेल, परीक्षा हुकेल या धास्तीने ताप अंगावर काढून वर्गात बसणारा मुलगा दोषी नसतो. त्याला तसे करावयास लावणारा नियम दोषी असतो. आजारी विद्यार्थ्याला हजेरीची सवलत, फेरपरीक्षेची हमी आणि दोन-चार खाटांची वेगळी खोली, एवढे केले तरी लपवाछपवी पुष्कळ कमी होईल.

संस्थेची बदनामी होईल, ही सबब येथे नेहमी पुढे येते. पण दडविलेली साथ अखेरीस रुग्णालयात प्रकट होतेच, आणि तेव्हाची बदनामी अधिक खरी असते. पैसा नाही, ही दुसरी सबब. वही, पाण्याची तपासणी आणि एक रिकामी खोली यांचा भार न पेलणाऱ्या संस्थेने वसतिगृह चालवावे काय, याचाच विचार व्हावा.

या भागाला आदर्श दूर शोधावयास नको. विद्यार्थिदशेत साने गुरुजींना प्लेगच्या साथीमुळे औंधचे शिक्षण सोडून घरी परतावे लागले होते. साथीने शिक्षण तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. पुढे धरणगावशेजारच्या अमळनेरात ते छात्रालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आजारी मुलांची शुश्रूषा त्यांनी आपल्या हातांनी केली. त्यांच्या नावाचा उच्चार खानदेशातील प्रत्येक शैक्षणिक समारंभात होतो. वसतिगृहात ताप आलेल्या मुलाच्या उशाशी कोण बसणार, याचे उत्तर मात्र समारंभांतून मिळत नाही. ते पावसाळ्यापूर्वी ठरवावे लागते.