घरचें आरोग्य : वेगळें ताट

सांगलीहून एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. तें थोडक्यांत येथें देतों, कारण तसलेंच पत्र लिहूं शकतील अशीं घरें पुष्कळ असावींत.

“आमचें घर चौदा माणसांचें आहे. धाकट्या जाऊबाईंची मुलगी बावीस वर्षांची, शिकलेली व सालस. दोन वर्षांपूर्वीं तिच्या कोपरांवर व गुडघ्यांवर तांबूस चट्टे उठले. त्यांवर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे येतात. डोक्यांतहि तसेंच. डॉक्टरांनीं सोरायसिस असें नांव सांगितलें. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांनीं तिचें ताट, पंचा व अंथरूण वेगळें केलें आहे. पंगतींत वाढण्यास तिला कोणी बोलावीत नाहीं. हळदीकुंकवाच्या दिवशीं ती आपण होऊनच माडीवर जाऊन बसते. आतां स्थळें पाहावयाचीं आहेत. कोणी म्हणतात सांगूं नका, कोणी म्हणतात आधीं बरें करा. एका औषधविक्याच्या पुड्यांनीं दोन महिन्यांत अंग निर्मळ झालें होतें, पण पुड्या संपतांच दुखणें दुपटीनें उलटलें. आतां पुन्हां त्याच पुड्या आणाव्या असें घरांत चाललें आहे. ताई, आम्हीं काय करावें?”

उत्तरांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य आधीं लिहितों : हा रोग सांसर्गिक नाहीं. स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें, एका पंच्यानें अंग पुसल्यानें, एका अंथरुणावर निजल्यानें किंवा गळलेला पापुद्रा अंगावर पडल्यानें तो दुसऱ्यास होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेनें २०१४ सालीं ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, वेदनादायक, पण असांसर्गिक विकार असल्याचें नमूद केलें आहे. तेव्हां वेगळ्या ताटास शास्त्राचा कसलाहि आधार नाहीं.

मग ही भीति आली कोठून? पुष्कळ अंशीं ती एका शब्दांतून आली. आपल्या जुन्या वैद्यकांत ‘कुष्ठ’ हा शब्द आज आपण ज्यास महारोग म्हणतों तेवढ्यापुरता नव्हता. चरकसंहितेंत सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें मिळून अठरा कुष्ठें सांगितलीं असून गजकर्णासारखे साधे विकारहि त्यांतच मोडतात. त्यांपैकीं एककुष्ठास माशाच्या खवल्यांची उपमा दिलेली आहे, व पुष्कळ वैद्य सोरायसिसचें साम्य त्याच्याशीं जोडतात. युरोपांतहि असाच घोटाळा होता. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनीं १८०८ सालीं या रोगाचें नेमकें वर्णन केलें, तरी त्याच्या एका प्रकारास महारोगवाचक लॅटिन नांवच ठेविलें. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनीं १८४१ सालीं दोन्ही रोग कायमचे वेगळे केले. शास्त्रानें इतक्या वर्षांपूर्वीं दिलेला निकाल आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अद्याप पोंचलेला दिसत नाहीं. आणि खुद्द महारोगहि आज औषधांनीं पूर्ण बरा होतो, हें येथेंच सांगून ठेवितों.

हा रोग आहे तरी काय? आपल्या त्वचेचा वरचा थर नित्य नवा होत असतो. खालीं तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडण्यास सामान्यतः महिनाभर लागतो. सोरायसिसमध्यें शरीराची रक्षकशक्ति विनाकारण चेतते आणि तेंच काम तीन ते पांच दिवसांत होऊं लागतें. अर्धवट पिकलेल्या पेशींचे थरावर थर सांचतात, तेच हे पापुद्रे. म्हणजे ही अस्वच्छता नव्हे, रक्तांतील घाण नव्हे, कीं कोणाच्या कर्माचें फळ नव्हे. आनुवंशिकतेचा यांत कांहीं वांटा असतो. घशाचा संसर्ग, मनाचा ताण, तंबाखू, मद्य, कांहीं औषधें आणि कोरडी थंडी यांनीं रोग चाळवतो. आणखी एक गोष्ट जर्मन वैद्य हाइनरिख कोब्नर यांनीं १८७२ सालीं दाखवून दिली. ती अशी कीं, या रोग्याच्या निरोगी त्वचेलाहि जेथें इजा होते, तेथें नवा चट्टा उठूं शकतो. रोजच्या निगेचे सर्व नियम या एका गोष्टींतून निघतात : त्वचेला दुखवूं नये आणि तिला कोरडी पडूं देऊं नये.

प्रथम स्नान. आपल्या भागाची हवा लक्षांत घ्यावी. महाबळेश्वरीं पावसाची झड लागते, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या माण-खटावांत वारा अंगाचा ओलावा शोषून नेतो. सांगलीकडे जत-आटपाडींतहि तोच प्रकार. पौषाच्या थंडींत निरोगी माणसाच्याहि टांचा फुटतात, मग अशा त्वचेची काय कथा! या दिवसांत कढत पाण्याचा मोह पडतो. बंब जाऊन गिझर आले, तरी वाफा निघाल्यावांचून आंघोळ झालीशी वाटत नाहीं. परंतु कढत पाणी त्वचेचा स्वाभाविक स्नेह धुऊन नेतें. पाणी कोमट असावें व आंघोळ पांच ते दहा मिनिटांत आटपावी. साबण सौम्य व बिनवासाचा घ्यावा, आणि तोहि लागेल तेवढाच. बोअरच्या जड पाण्यास फेस येत नाहीं म्हणून अधिक साबण चोळूं नये. त्याचा साका अंगावर राहून खाज वाढते. वज्री, काथ्या, खरखरीत उटणें यांची या अंगास मनाई समजावी. पापुद्रे नखानें उचकटूं नयेत. दिवाळीच्या अभ्यंगांतील तेल या मुलीस अवश्य लावावें, उटणें मात्र तिला माफ करावें.

आंघोळीनंतर अंग रगडूं नये, मऊ पंच्यानें टिपून घ्यावें. तें किंचित् ओलसर असतांनाच, दोन-तीन मिनिटांच्या आंत, स्निग्ध पदार्थ लावावा. महाग वस्तूच पाहिजे असें नाहीं. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा शुद्ध खोबरेल पुष्कळांस मानवतें. तें दिवसांतून दोनदां तरी लावावें व केंसांच्या दिशेनें हलक्या हातानें पसरावें. सर्वांगास लावावयाचें तर मोठ्या माणसास एका वेळीं वीस ते तीस ग्रॅम मलम लागतें. लहानशी नळी महिनाभर पुरविली तर तिचा गुण येणार कसा? औषधी मलमाचें प्रमाण मात्र डॉक्टर सांगतील तेवढेंच. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळींतून काढलेली रेघ सुमारें अर्धा ग्रॅम भरते व ती दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते, हें माप ध्यानांत ठेवावें. एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. मलम-तेलानें माखलेलें कापड लवकर पेटतें व भराभर जळतें. म्हणून शेगडी व निरांजनापाशीं जपून वावरावें.

डोक्यांतील पापुद्र्यांस रात्रीं खोबरेल लावून जुन्या मऊ कापडानें डोकें बांधावें. सकाळीं ते मऊ झाल्यावर मोकळ्या दांत्यांच्या कंगव्यानें अलगद सोडवावे. बारीक फणीनें खरवडूं नयेत. डांबरयुक्त किंवा सॅलिसिलिक आम्लाचा शांपू डॉक्टरांच्या सल्ल्यानें वापरावा.

हा रोग नसूनहि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांसहि हे नियम उपयोगी पडतील. त्यांनीं आणखी कांहीं वस्तूंवर लक्ष ठेवावें. टिकलीचा डिंक, रंग मिसळलेलें कुंकू, नकली दागिन्यांतील निकेल, केंसांचा कलप आणि काळी म्हणून विकली जाणारी मेंदी यांनीं अनेकींच्या त्वचेस पुरळ व खाज येते. नवें मलम किंवा तेल अंगभर लावण्यापूर्वीं कोपराच्या आंतल्या बाजूस सात दिवस थोडेंथोडें लावून पाहावें. अंगालगत सुती व सैल कपडे असावेत.

आतां घरगुती उपायांविषयीं. येथें मोठ्या माणसांची माया असते, पण अपाय होतो तोहि येथेंच. बिब्बा लावल्यानें कातडीस फोड येतात, लसणानें ती भाजते. लिंबू चोळून उन्हांत गेल्यास काळे डाग पडतात. आणि भाजल्या जागीं नवा चट्टा उठतो हें वर सांगितलेंच आहे. सांगलीची हळद आपल्या अभिमानाची वस्तु खरी, पण नाजूक त्वचेस तिचा लेपहि सोसेलच असें नाहीं. बावचीमध्यें उन्हाबरोबर काम करणारें द्रव्य खरोखरच आहे, व डॉक्टर तशाच द्रव्यानें किरणोपचार करतात. पण घरीं बावची लावून उन्हांत बसलें तर कातडी पोळते. नुसतें सकाळचें कोंवळें ऊन थोडा वेळ घेणें बहुतेकांस हितकर असतें. मात्र अंग लाल होईपर्यंत बसूं नये.

जें खरोखर गुणकारी असतें तेंहि मापांत द्यावें लागतें, याचें उदाहरण आपल्या शेजारच्या गोमंतकाचेंच आहे. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडांतील पिवळी पूड पोर्तुगीज लोकांमार्फत गोव्यास येई व गजकर्णावर वापरली जाई. जगांत ती ‘गोवा पावडर’ या नांवानेंच ओळखली जाऊं लागली. १८७६ च्या सुमारास लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या वैद्यास तिचा सोरायसिसवरील गुण आढळला. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मनीस ती मिळेना, तेव्हां तेथील संशोधकांनीं १९१६ सालीं तिच्याऐवजीं डिथ्रॅनॉल हें द्रव्य पुढें आणलें. तें अनेक दशकें सोरायसिसवरील प्रमुख औषधांपैकीं एक होतें. पण तें जास्त झालें तर तेंहि निरोगी कातडी जाळतें. मग बिनमापाच्या लेपांविषयीं काय सांगावें?

पत्रांतील पुड्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. घटकांची नांवें न सांगतां दिलेल्या, झटपट गुण देणाऱ्या पुडींत स्टिरॉइड असूं शकतें. पोटांत घेतलेलें स्टिरॉइड एकाएकीं थांबलें कीं हा रोग उसळतो. क्वचित् सर्वांग लाल होऊन पुवाचे फोड येतात व प्रसंग जिवावर बेततो. तशा पुड्या पुन्हां आणूं नयेत. उरलेली पुडी असल्यास ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावें व घडलें तें सर्व सांगावें. ज्या घरीं त्या अद्याप चालू असतील त्यांनींहि आपल्या मनानें त्या एकदम न थांबवितां आधीं डॉक्टरांस गांठावें.

मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी या रोगावर पुष्कळदां देतात. ती साधारणतः आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. ती रोज घेतल्यास प्राणावर बेततें. एकत्र कुटुंबांत औषध देणारे हात अनेक असतात. आज काकूंनीं दिली, उद्यां आजींनीं दिली, असें होऊं नये म्हणून वार ठरवून पंचांगावर खूण करावी व ती गोळी एकाच माणसाच्या स्वाधीन ठेवावी. गरोदरपणांत ती वर्ज्य आहे. म्हणून लग्नाची गोष्ट निघाली असल्यास डॉक्टरांस आधींच सांगावें.

सकाळीं उठतांना सांधे आंखडणें, एखादें बोट सबंध सुजणें, नखांवर बारीक खळगे पडणें, या खुणांकडे दुर्लक्ष करूं नये. या रोग्यांपैकीं शंभरांत तिसांपर्यंत जणांस संधिवात जडूं शकतो, व उशीर झाल्यास सांधे कायमचे बिघडतात. वजन व रक्तांतील साखरहि तपासून घ्यावी. डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून दक्षिण महाराष्ट्र औषधासाठीं मिरजेस जात आला आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासहि १९६२ पासून इतकीं वर्षें झालीं. सांगलीकरांस तरी तज्ज्ञ दूर नाहीं.

पथ्याविषयीं एवढेंच कीं, वांगें सोडा, दूध सोडा, मीठ सोडा असें करीत मुलीस अशक्त करूं नये. वजन अधिक असल्यास तें उतरविणें आणि तंबाखू व मद्य वर्ज्य करणें, यांचा उपयोग मात्र खात्रीनें होतो.

राहतां राहिला विवाहाचा प्रश्न. ‘आधीं बरें करा’ म्हणणाऱ्यांस सांगावें कीं, हा रोग कायमचा घालविणारें औषध अद्याप नाहीं. पण तो आवरणारीं औषधें पूर्वीं कधीं नव्हतीं इतकीं चांगलीं आहेत, व पुष्कळांची त्वचा वर्षानुवर्षें जवळजवळ स्वच्छ राहते. त्यासाठीं मुलीचें आयुष्य थांबवूं नये. ‘सांगूं नका’ म्हणणाऱ्यांस सांगावें कीं, लपविलेलें दुखणें पहिल्या थंडींतच उघडें पडेल, आणि मग दोष रोगाचा न राहतां आपल्या खोटेपणाचा होईल. मुलीच्या संमतीनें व शक्य तर तिच्याच तोंडून दुसऱ्या पक्षास स्पष्ट सांगावें कीं, हा सोरायसिस आहे, तो लागत नाहीं, संसारास व संततीस त्याची आडकाठी नाहीं, आणि आईबापांपैकीं एकास असला तरी बहुतेक मुलांस तो होत नाहीं. हें ऐकून जें स्थळ परत जाईल तें गेलेलेंच बरें.

परंतु परक्या घरानें तिला आपली म्हणावें अशी अपेक्षा करण्यापूर्वीं आपल्या घरानें तसें म्हटलें पाहिजे. पाठीवरच्या चट्ट्यांस मलम लावण्यास स्वतःचा हात पोंचत नाहीं, तेथें दुसऱ्याचाच हात लागतो. आजपर्यंत तो कोणी लावला, कीं ती जागा तशीच कोरडी राहिली, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. सौभाग्यवती भगिनींनो, आज रात्रीं तें काम तुम्हीं अंगावर घ्या. उद्यां सकाळीं तिचें ताट सर्वांच्या ताटांत मिसळा आणि येत्या सणास तिच्या हातीं वाढण्याचें भांडें द्या. वडीलधाऱ्यांनीं कारण विचारलें तर हा अंक त्यांच्यापुढें ठेवा. मुलीस कसें आहे तें दोन महिन्यांनीं अवश्य कळवावें.