आधी उपचार, मग उपदेश

१९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा गर्दने कोवळ्या वयाची मुलं पोखरायला सुरुवात केली होती. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. ते मेंदूत डोपामाइनचा पूर आणतं. हळूहळू मेंदू त्याला सरावतो. मग जेवण, मैत्री, गाणं, कशातच गोडी उरत नाही आणि आधीची मात्रा पुरेनाशी होते. ती चुकली की नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा उठतो, हाडं ठणकतात. व्यसनींच्या भाषेत ही ‘टर्की’. मात्रा जास्त झाली, तर श्वासच थांबतो.

सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून सोळाव्या वर्षी लागलेलं व्यसन खोल रुजतं आणि ‘मनावर घे, सुटेल’ एवढं सांगून भागत नाही. हा आजार आहे; औषधं, समुपदेशन आणि घरच्यांची साथ मिळाली तर तो आटोक्यात येतो. अब्रूच्या भीतीने तो लपवू नका. मुलाला मारझोड न करता डॉक्टरांकडे न्या किंवा १४४४६ या सरकारी मदतवाहिनीवर फोन करा.