रस्ता झाला, कारभाराचे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातून जाणारा नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला. देशातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या राज्याच्या वाढीची ही दृश्य खूण होय. परंतु संपत्ती वाढली म्हणजे ती खेड्याच्या उंबरठ्यापर्यंत आपोआप पोचते, हा समज भाबडा आहे. कापूस आणि सोयाबीन पिकविणारे कुटुंब विकासाचा दर पाहत नाही. नळाला पाणी, शाळेत शिक्षक आणि आरोग्य केंद्रात औषध आहे की नाही, एवढेच ते पाहते. ही कामे मुख्यतः ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांची आहेत.

याची जाण महाराष्ट्राला याच परिसराने दिली. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली अहवाल दिला. बलवंतराय मेहता समितीचा भर गटपातळीवर होता. नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळ दिले. त्यानुसार कायदा झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पैसा जेथे खर्च होतो, तेथेच त्याचा जाब विचारता यावा, हे त्यामागील तत्त्व होते.

त्याच जिल्ह्यात या तत्त्वाची काय अवस्था झाली? २०१७ साली निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली. राज्यघटनेप्रमाणे त्यापूर्वीच नवी निवडणूक व्हावयास हवी होती. आरक्षण व गटरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक कार्यक्षम असू शकेल. पण तो शासनाला उत्तरदायी असतो, मतदाराला नव्हे. मग शिक्षकाची जागा रिकामी राहिल्यास पालकाने कोणाचे दार ठोठवावे?

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा आणि ती न मिळाल्यास अपिलाचा हक्क दिला, हे स्वागतार्हच आहे. मात्र अपिलाने अडलेला दाखला मिळेल. कोणत्या गावाला आधी पाणी द्यावे, हे अपिलाने ठरत नाही. त्यासाठी निवडून आलेले सभागृहच लागते.

निवडणुकीने गटबाजी व ठेकेदारी संपते, असे कोणी म्हणणार नाही. तथापि नालायक सदस्याला पाच वर्षांनी घरी बसविण्याची सोय तरी तीत असते. ही मुदत सरकारच्या सोयीची नसून घटनेची आहे. ती पाळली गेली नाही, तर चौपदरी रस्त्यावरून विकास महागावला वळसा घालूनच पुढे जाईल.